एकच सीपीयू आणि चार आकडे: नागपूरच्या एका पीसीच्या तापमानाचं प्रकरण

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. रात्री साडेअकराला नागपूरहून भाच्याचा व्हॉट्सॲप मेसेज आला, सोबत चार फोटो. एकात सीपीयू २२ डिग्री, दुसऱ्यात ४२, तिसरा बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगच्या) स्क्रीनचा मोबाईलने काढलेला, त्यात ६८, आणि चौथ्यात मदरबोर्ड कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत लाल अक्षरात ११५. खाली लिहिलेलं, "मामा, यातला खरा कोणता धरू? फॅन तर सारखा ओरडून राहिला."

आधी मशीन काय होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सेकंडहँड घेतलेला पीसी, त्यात एएमडी कंपनीचा रायझन ७ १७००एक्स प्रोसेसर (म्हणजेच सीपीयू), ८ कोअर १६ थ्रेड, बेस स्पीड ३.४ गिगाहर्ट्झ, टीडीपी (कूलरला किती उष्णता काढावी लागेल त्याचा आकडा) ९५ वॉट. मार्च २०१७ मध्ये रायझनची जी पहिली बॅच बाजारात आली त्यातला प्रोसेसर. याच्यासोबत बॉक्समध्ये कूलर येत नव्हता, त्यामुळे आधीच्या मालकाने एक मध्यम साईझचा टॉवर कूलर लावलेला, उभा हीटसिंक आणि १२० एमएमचा एक फॅन. भाचा ॲनिमेशन शिकतो, ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरवर रेंडर (सीनची चित्रं तयार करायचं काम) लावतो आणि रात्रभर मशीन चालू असतं. त्याची तक्रार तीन गोष्टींची होती: प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळा आकडा दाखवतं, काहीच काम चालू नसताना फॅन दर काही सेकंदांनी वर जातो खाली येतो, आणि तोच सीन रेंडर करायला कधी कमी वेळ लागतो कधी जास्त.

आता यात माझी चूक आधी सांगून टाकतो. मी ते २२ आणि ४२ बघितले, मध्ये बरोबर २० चा फरक, प्रोसेसर १७००एक्स, आणि मला लगेच आठवलं की या मॉडेलला २० डिग्रीचा ऑफसेट असतो, म्हणजे खऱ्या आकड्यात मुद्दाम २० मिळवलेले असतात. म्हणून त्याला लिहून टाकलं, "मोठा आकडा ऑफसेट धरून असतो, लहान खरा. टेन्शन घेऊ नको." आणि झोपलो. ऑफसेटची गोष्ट खरी होती पण निष्कर्ष साफ चुकला होता, आणि त्या चुकीपायी त्याचं मशीन अजून दोन रात्री तसंच रेंडर करत राहिलं.

तिसऱ्या दिवशी ताईशी फोनवर बोलताना ती म्हणाली, "इथं तर रात्रीसुद्धा अंगाची लाही होऊन राहिली रे, कूलर लावूनही खोली चौतीसच्या खाली येत नाही." (त्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर डिजिटल घड्याळ आहे, त्यात तापमान दिसतं.) आणि तिथे डोक्यात प्रकाश पडला. खोली ३४ आणि सीपीयू २२? हे होऊच शकत नाही. हवेवर चालणारा कुठलाही हीटसिंक, कितीही महागडा असू दे, खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, कारण तो आपली उष्णता त्या हवेलाच देतो. खोलीतल्या डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येत असेल तर आत शिरणारी हवा भिंतीवरच्या घड्याळापेक्षा दोनतीन डिग्री थंड असू शकते हे मान्य, पण १२ डिग्री नाही. म्हणजे २२ खोटा होता. आणि २२ खोटा असेल तर मी सांगितलेलं सगळंच पुन्हा तपासायला हवं होतं.

लगेच त्याला फोन लावला आणि सांगितलं की आता रेंडर लावू नको, आणि यापुढे मला आकडा पाठवताना आधी खोलीचं तापमान लिहायचं, मग सीपीयूचं. नागपुरात मे महिन्यात दुपार आणि पहाट यात खोलीतच सातआठ डिग्रीचा फरक पडतो, तेवढाच फरक सीपीयूतही पडणार, आणि आपण बसतो विचार करत की काल ७० होतं आज ७७ कसं झालं. अर्धी विसंगती तर इथेच संपते.

दुसरं सांगितलं की सगळी मॉनिटरिंग सॉफ्टवेअर बंद कर आणि एका वेळी एकच उघड. त्याच्याकडे तीन तीन एकदम चालू होती, त्यात मदरबोर्डवालं सॉफ्टवेअर विंडोज सुरू झालं की आपोआप उठायचं. यात काय होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. मदरबोर्डवर सुपर आयओ नावाची एक छोटी चिप असते, बहुतेक वेळा नुवोटॉन किंवा आयटीई कंपनीची. फॅनचा वेग, व्होल्टेज, बोर्डावरच्या सेन्सरचं तापमान हे सगळं ती सांभाळते. तिला काही विचारायचं तर आधी "मला अमुक नंबरचं खातं दाखव" असं एका पोर्टवर लिहायचं आणि मग दुसऱ्या पोर्टवरून उत्तर वाचायचं. दोन प्रोग्राम एकाच वेळी विचारायला गेले तर पहिल्याने खातं सांगितलं, मध्येच दुसऱ्याने बदललं, आणि पहिल्याने जे वाचलं ते भलत्याचंच निघालं. मग मध्येच फॅन शून्य आरपीएम, मध्येच तापमान २०० च्या पुढे असले झटके दिसतात. चांगले प्रोग्राम आपसात कुलूप लावून घेतात, पण सगळेच ते पाळतात असं नाही. भाच्याने बाकीचे बंद केल्यावर हे झटके गेले. पण चार आकड्यांचं कोडं तसंच राहिलं.

मग मी चार दिवसांची रजा टाकून नागपूरला गेलो, तसंही ताईकडे जायचंच होतं.

गेल्यावर पहिलं काम विंडोज बाजूला ठेवलं. पेनड्राईव्हवरून उबुंटू लाईव्ह (लिनक्स) सुरू केलं, इन्स्टॉल न करता, आणि तिथे सेन्सर्स ही कमांड चालवली. विंडोजमध्ये कोणी काय सेटिंग करून ठेवलंय, कुठलं जुनं व्हर्जन आहे, हे सगळं बाजूला पडतं म्हणून मला ही पायरी फार महत्त्वाची वाटते. तिथे प्रोसेसरचे दोन आकडे आले: टी-सीटीएल ६२, टी-डाय ४२. खोली ३४. भाचा म्हणाला, "मामा, लिनक्सवर जास्त गरम होऊन राहिलं का हे?" म्हटलं नाही रे, लिनक्स खरं सांगतंय, तुझं ते २२ वालं काय म्हणतंय ते बघू.

हे दोन आकडे काय आहेत ते सांगतो. टी-डाय म्हणजे सिलिकॉनचं खरं तापमान. टी-सीटीएल म्हणजे कंट्रोलसाठी वापरायचा आकडा, मदरबोर्ड फॅनचा वेग त्यावरून ठरवतो. एएमडीने मार्च २०१७ मध्येच हे जाहीर केलं होतं की १८००एक्स, १७००एक्स या मॉडेलांत टी-सीटीएल हा खऱ्या तापमानापेक्षा २० ने जास्त दाखवला जातो. कारण असं की एएम४ सॉकेटवरच्या (मदरबोर्डवर हे प्रोसेसर ज्यात बसतात त्या खाचेवरच्या) सगळ्या प्रोसेसरना टी-सीटीएलची कमाल मर्यादा एकच ठेवायची होती, म्हणजे मदरबोर्डाला प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा हिशोब करावा लागू नये आणि फॅन सगळीकडे सारखे वागावेत. १६००एक्सलाही २० चाच ऑफसेट आहे, पण साध्या १७०० ला शून्य. पुढच्या वर्षी आलेल्या २७००एक्सला १०, थ्रेडरिपर या एएमडीच्याच मोठ्या प्रोसेसरच्या पहिल्या पिढीला २७. ३००० सिरीजपासून डेस्कटॉप रायझनमध्ये हा फरक दिसत नाही. म्हणजे मित्राच्या १७०० वर जे खरं ते तुमच्या १७००एक्सवर खरं नाही, नावात एकच अक्षर जास्त आहे आणि आकड्यात २० डिग्री.

ऑफसेट आहे की दोन वेगळे सेन्सर आहेत हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे, आणि मी ती भाच्याला करूनच दाखवली. दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे आणि मशीनवर लोड टाकायचा, म्हणजे त्याला जड काम द्यायचं. रिकामं असताना ६२ आणि ४२, लोड टाकल्यावर पहिल्याच सेकंदाला ७४ आणि ५४, मिनिटाभराने ८३ आणि ६३. फरक प्रत्येक वेळी २०, दशांशातसुद्धा हलत नाही. दोन वेगळ्या जागी बसलेले सेन्सर असते तर एक आधी वाढला असता, दुसरा मागून, फरक कधी ८ कधी १५ झाला असता. फरक दगडासारखा स्थिर असला की समजायचं सेन्सर एकच आहे, कुणीतरी बेरीज केलीय.

याउलट मदरबोर्डाच्या यादीत सीपीयू नावाचा आणखी एक आकडा होता, तो लोड टाकल्यावर जवळपास अर्धा मिनिट ढिम्म, मग हळूहळू चढायला लागला आणि लोड काढल्यावरही बराच वेळ वरच राहिला. ही चाल वेगळ्या सेन्सरची. तो सिलिकॉनच्या आत नाही, सॉकेटच्या आसपास बोर्डावर कुठेतरी आहे. तो चुकीचा आहे असं नाही, पण तो दुसऱ्या जागेचं तापमान सांगतो, आणि त्याची प्रोसेसरच्या आतल्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

मग विंडोजमध्ये जाऊन २२ चा शोध घेतला. २२ दाखवणारं सॉफ्टवेअर होतं एचडब्ल्यूइन्फो, त्यात टी-सीटीएल आणि टी-डाय दोन्ही वेगळे दिसतात, आणि त्यात कुठल्याही सेन्सरला आपल्या मनाने अधिक-उणे करायची सोय आहे. टी-डायच्या सेटिंगमध्ये बघतो तर उणे २० लिहिलेलं. भाच्याला विचारलं तर त्याला आठवलं, मशीन घेतलं तेव्हा कुठेतरी वाचलं होतं की या प्रोसेसरला २० वजा करावे लागतात, म्हणून त्याने टाकून दिले, आणि विसरला. पण टी-डाय म्हणजे आधीच २० वजा झालेला आकडा. म्हणजे दोनदा वजाबाकी झाली होती. म्हणून खोली ३४ आणि सीपीयू २२. रायझन मास्टर हे एएमडीचं स्वतःचं सॉफ्टवेअर जे ४२ दाखवत होतं तेच खरं होतं, लिनक्सशी तंतोतंत जुळणारं.

हे सापडल्यावर भाचा खूश झाला की चला सुटलं कोडं. मला मात्र तिथेच पोटात गोळा आला. कारण इतके महिने तो रेंडर करताना याच सॉफ्टवेअरकडे बघून बसायचा, आणि मला म्हणाला होता की फुल लोडवर ५६ च्या वर जातच नाही, फार मस्त कूलर आहे. ५६ म्हणजे प्रत्यक्षात ७६, आणि टी-सीटीएल ९६.

बायोसचं ६८ आणि लाल ११५ यांचा निकाल मात्र पटकन लागला. बायोस टी-सीटीएल दाखवतं, म्हणजे खरं तापमान ४८. मग विंडोजमध्ये ४२ आणि बायोसमध्ये ४८ का, तर विंडोज किंवा लिनक्स काम नसताना कोअर झोपवून टाकतात, बायोसच्या स्क्रीनवर प्रोसेसर तसा झोपत नाही, जागाच बसलेला असतो, म्हणून तिथे नेहमी थोडं जास्त येणार. आणि ११५ साठी आम्ही रात्री मशीन बंद करून स्विचही काढला, सकाळी साडेसातला चालू केल्याबरोबर बघितलं. रात्रभर बंद असलेल्या मशीनमध्ये सगळे सेन्सर खोलीच्या आसपास असायला हवेत. बाकीचे तसेच होते, चाळिशीच्या आतबाहेर, आणि हा पठ्ठ्या त्याही वेळी ११५. लोड टाकला तरी ११५. सुपर आयओ चिपला जितके सेन्सर जोडता येतात तितके सगळे बोर्ड बनवणारा जोडतोच असं नाही, आणि रिकाम्या पिनवर चिप जे वाचते ते काहीही असू शकतं. ती ओळख सॉफ्टवेअरला नसते, ते तो आकडा लाल करून दाखवतं. आम्ही ती ओळ लपवून टाकली.

(इंटेलवाल्यांसाठी थोडक्यात: तिथे आतला सेन्सर थेट तापमान सांगतच नाही, कमाल मर्यादेपासून आपण किती डिग्री खाली आहोत ते सांगतो, आणि प्रोग्राम मर्यादेतून ते वजा करून आपल्याला दाखवतो. कोअर २ च्या काळात ही मर्यादा सॉफ्टवेअरला नीट वाचता यायची नाही, म्हणून कोणी ८५ धरायचं कोणी १००, आणि एकाच मशीनवर दोन प्रोग्राममध्ये १५ डिग्रीचा फरक यायचा. २००८ च्या नेहालेमपासून मर्यादा प्रोसेसरमधूनच वाचता येते. पण ते सेन्सर मर्यादेजवळ जास्त अचूक आणि थंड असताना कमी अचूक असतात, त्यामुळे एक कोअर ३४ आणि शेजारचा ३९ दाखवत असेल तर त्यावर झोप उडवायचं कारण नाही.)

आता खरी गोष्ट. २० डिग्रीचा हिशोब नीट लावल्यावर जो आकडा उरला तो चांगला नव्हता. खोली ३४, वीस मिनिटं रेंडर, टी-डाय ७६. म्हणजे खोलीपेक्षा ४२ ने वर. ९५ वॉटच्या प्रोसेसरला, ओव्हरक्लॉक नसताना (म्हणजे कंपनीच्या वेगापेक्षा जास्त पळवलेला नसताना), या साईझच्या टॉवर कूलरवर मी तिशीच्या आसपास फरक धरला असता. आणि टी-सीटीएल पंचाण्णवच्या पुढे गेलं की क्लॉक (प्रोसेसरचा वेग) ३.४ च्या खाली उतरायचा, थोडं थंड झालं की परत वर. तोच सीन कधी लवकर कधी उशिरा रेंडर का होतो त्याचं उत्तर इथे होतं. रात्री खोली गार असली तर मर्यादेला टेकायचं नाही, दुपारी टेकायचं.

वीस मिनिटं का, तर हीटसिंकचं धातू तापायला वेळ लागतो. दोन मिनिटं लोड टाकून आकडा घेतला तर तो अजून चढतच असतो. आम्ही ब्लेंडरचा एकच सीन ठरवला, दर वेळी तोच, विसाव्या मिनिटाचा आकडा, आणि एका वहीत खोली, टी-डाय, फरक असे तीन रकाने. सॉफ्टवेअरने सेन्सर दर किती वेळाने वाचायचा ते दोन सेकंदांवरच ठेवलं, कारण भाच्याने ते आधी पाव सेकंदावर नेऊन ठेवलं होतं आणि तेवढ्याने प्रोसेसर सतत जागा होत होता. रायझनमध्ये एखादा कोअर क्षणभर बूस्ट झाला, म्हणजे जास्त वेगाने पळाला, की आतला सेन्सर एकदम दहा डिग्री उडी मारतो आणि लगेच खाली येतो. ही उडी खरी असते, जागा छोटी आणि त्यात एकदम वीज ओतलेली. पण ती बघून मशीन बिघडलंय असं ठरवायचं नसतं.

पण याच वहीत एक विचित्र गोष्ट दिसली. पहिल्या दिवशी फरक ४२. दुसऱ्या दिवशी सकाळी धूळ साफ करायला कॅबिनेट टेबलावर आडवं केलं होतं, बाजूचं पॅनल उघडं, आणि तसंच ठेवून टेस्ट लावली तर फरक ३१. मला वाटलं पॅनल उघडं असल्याने हवा मिळाली. म्हणून पॅनल उघडंच ठेवून कॅबिनेट उभं केलं आणि परत लावली. फरक ४१. पॅनल दोन्ही वेळा उघडं, खोली तेवढीच, सीन तोच, फक्त कॅबिनेट आडवं की उभं एवढाच बदल आणि दहा डिग्री. भाचा बघतच राहिला. मी त्याला विचारलं, "उभं केल्यावर कूलर कसा असतो?" तो म्हणाला, "लटकलेला." बरोबर. कॅबिनेट उभं असलं की मदरबोर्ड उभा, आणि त्यावर टॉवर कूलर आडवा लोंबकळत असतो, त्याचं सगळं वजन क्लिपांवर. आडवं केलं की तोच कूलर स्वतःच्या वजनाने प्रोसेसरवर दाबून बसतो. आडवं केल्यावर इतका फरक पडतो म्हणजे कूलर नीट बसलेलाच नाही.

हात लावून बघितलं तर खरंच हलत होता, अगदी थोडा, पण हलत होता.

कूलर काढताना एक गोष्ट लक्षात ठेवा, मी हे मुद्दाम लांबवून सांगतोय कारण यात प्रोसेसर जाऊ शकतो. एएम४ प्रोसेसरच्या खाली १३३१ पिना असतात आणि तो सॉकेटमध्ये फक्त एका लिव्हरने धरलेला असतो, वरून त्याला दाबून धरणारं लोखंडी झाकण नसतं. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये उष्णता नेण्यासाठी लावलेली पेस्ट जुनी होऊन चिकटली असेल आणि तुम्ही कूलर सरळ वर ओढला तर लिव्हर लावलेली असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात. भाच्याने क्लिप सोडवून दोन्ही हातांनी ओढायला घेतलाच होता, मी हात धरला. आधी मशीन दहा मिनिटं लोडवर चालवायचं म्हणजे पेस्ट मऊ होते, मग बंद करायचं, वायर काढायची, क्लिप सोडवायची आणि कूलर वर न ओढता डावीउजवीकडे हळूहळू पिळायचा, बरणीचं घट्ट झाकण फिरवतो तसा. सुटला की कळतं हाताला. मग उचलायचा.

उचलल्यावर सगळं समोर आलं. प्रोसेसरच्या झाकणावर पेस्टचा ठसा एका बाजूला पातळ, जवळपास पारदर्शक, आणि दुसऱ्या बाजूला जाड थर, वाळून खडूसारखा झालेला. म्हणजे कूलर तिरका बसला होता, एक कड टेकलेली आणि दुसरी उचललेली. कारणही लगेच सापडलं. एएम४ बोर्डावर सॉकेटच्या दोन्ही बाजूंना काळ्या प्लास्टिकचे दोन ब्रॅकेट असतात, प्रत्येकी दोन स्क्रू, आणि कूलरची क्लिप त्यांच्या हुकात अडकते. वरच्या ब्रॅकेटचा एक स्क्रू जवळजवळ दोन आटे बाहेर आलेला. मशीन विकत घेतल्यावर ते गाडीच्या मागच्या सीटवर, कूलर न काढता आणलेलं, जड टॉवर कूलर रस्त्यावरच्या धक्क्यांनी हिंदकळत आला असेल. का तो आधीपासूनच ढिला होता, हे आता कोण सांगणार. विकणाऱ्यावर मी बोट ठेवत नाही.

आम्ही बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) जाऊन आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पेस्टची एक ट्यूब आणली. जुनी पेस्ट दोन्हीकडून पुसली, बोटाचा स्पर्श न करता. ब्रॅकेटचे चारही स्क्रू आवळले, समोरासमोरचे थोडे थोडे करून. चारही एकदम काढायची गरज पडली तर बोर्डाच्या मागची लोखंडी प्लेट सुटून पडते, ती एका हाताने धरून ठेवावी लागते, आम्हाला तेवढं करावं लागलं नाही. मध्यभागी वाटाण्याएवढी पेस्ट, कूलर सरळ खाली ठेवला, क्लिप लावली. हीटसिंकच्या पात्यांमध्ये आणि पुढच्या जाळीवर धूळ होती ती ब्रशने काढली. डेझर्ट कूलरच्या दमट हवेत ही धूळ नुसती बसत नाही, नमद्यासारखी चिकटते, फुंकून जात नाही.

संध्याकाळी तीच टेस्ट. खोली ३४, कॅबिनेट उभं, पॅनल बंद, विसाव्या मिनिटाला टी-डाय ६२. फरक २८. मग खात्री म्हणून आडवं करून परत लावली, फरक २७. उभं आणि आडवं आता जवळपास सारखं, मला ६२ पेक्षाही या दोन आकड्यांचा आनंद जास्त झाला. क्लॉक ३.४ च्या खाली एकदाही आला नाही.

राहिला फॅनचा आवाज. तो बिघाड नव्हता, फॅन टी-सीटीएल बघून चालत होता आणि त्याच्या दृष्टीने काम नसतानाच ६० च्या वर होतं. त्यात कोअर बूस्ट झाला की ७२, फॅन धावला, दोन सेकंदांनी परत ६०, फॅन मंदावला. बायोसमध्ये फॅन कर्व्हला, म्हणजे किती तापमानाला फॅन किती धावेल त्या आलेखाला, हात घातला. आधी कर्व्ह ५० पासून चढत होता, तो ७० पर्यंत सपाट ठेवला (टी-सीटीएल ७० म्हणजे खरे ५०), तिथून ९० पर्यंत चढता आणि ९० ला पूर्ण वेग. त्याशिवाय फॅन लगेच न धावता काही सेकंद थांबून वेग बदलेल अशी सेटिंग होती, ती वाढवली. क्षणभराची उडी आता फॅनला कळतच नाही. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बंद पडलं का रे मशीन?" म्हटलं नाही, चालू आहे.

एचडब्ल्यूइन्फोमधलं उणे २० काढून टाकलं, मदरबोर्डवालं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं. वहीतलं एक पान फाडून कॅबिनेटच्या बाजूच्या पॅनलला आतून चिकटवलं, त्यावर लिहिलंय: १७००एक्स, बायोसमधून २० वजा, विंडोजमध्ये टी-डाय बघणे, काहीही वजा करू नये, पेस्ट मे महिन्यात बदलली, फरक २८.

परवा भाच्याचा मेसेज आला. न विचारता, स्क्रीनशॉट न पाठवता, एका ओळीत लिहिलं होतं: "मामा, खोली २९, विसाव्या मिनिटाला ५८. फरक २९. एक वाढला, जाळी साफ करून परत लावतो न."